राजाच्या गालावरचा अंगठा

मी बोलतेय, इजिप्तची एक पौंडाची नोट. जरा लांबूनच ऐका. तुमच्या बोटांना काय काय लागलेलं असेल कोण जाणे, आणि मला आता कुणाच्याही बोटांची शिसारी येते.

तुम्ही म्हणाल, केवढा हा तोरा! आज माझ्या बदल्यात अलेक्झांड्रियात चहाचा घोटसुद्धा मिळत नाही. खरं आहे. पण माझ्या तरुणपणी मला घेऊन बाई बाजारात गेली, की दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत यायची. तेव्हा मला बघून कोळी उठून उभे राहायचे.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी काय दिसत होते म्हणून सांगू! निळसर अंग, कडक कागद, टिचकी मारली तर खणखणीत आवाज. उजव्या बाजूला सोन्याच्या मुखवट्यातला कोवळा राजा. उजेडात धरलं की पोटात स्फिंक्स. पुढच्या बाजूला अरबी अक्षरं, पाठीवर इंग्रजी अक्षरं आणि पडक्या देवळाचे खांब. म्हणजे पुढून घरची, मागून पाहुण्यांची. माझ्या आधीच्या नोटांवर जिवंत राजाचा चेहरा असायचा. पुढे त्याला बोटीत बसवून देशाबाहेर काढलं. माझे एक मालक त्यावर हसून सांगायचे, "मग छापणाऱ्यांनी विचार केला असेल, आता असा राजा घ्या, की ज्याला कुणी हाकलू शकणार नाही. तीन हजार वर्षांपूर्वी मेलेला!"

त्या कोऱ्या अंगाला बाहेरच्या जगाने काय केलं, ते आठवलं तरी मळमळतं. पहिल्याच दिवशी एका रोखपालाने अंगठा जिभेवर फिरवला आणि तोच ओला अंगठा माझ्या पोटावर! शी! मग मासळी विकणाऱ्या बाईने मला चोळीत कोंबलं. तिथे आधीच एक किल्ली, एक लसणाचा गड्डा आणि घामाची तळी. एका कसायाने मला रक्ताळलेल्या हाताने मोजलं, एका पोराने चाटलं, एका लग्नात कुणीतरी नाचणारीच्या घामेजल्या कपाळावर चिकटवलं. माणसं पैशावर एवढं प्रेम करतात म्हणे. प्रेम करायच्या आधी हात धुवायला काय होतं यांना?

फिरत फिरत मी गोदीत आले. तिथे शहाता नावाचा जवान लाकडी होड्यांच्या फटींत काथ्या ठोकून वर उकळतं डांबर भरायचा. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने त्याचं नाव ठेवलं शहाता, म्हणजे भीक मागून मिळालेला. माणूस आडदांड, हसरा, आणि डोक्यापासून पायापर्यंत डांबराने माखलेला. त्याच्या मजुरीत मी आले तेव्हा मनात म्हटलं, आगीतून फुफाट्यात.

त्याचं लग्न ठरलं होतं जाळी विकणाऱ्या हाजी मुतवल्लींच्या तफीदाशी. काजी बसला, सरबत फिरलं आणि मेहेरचा विषय निघाला. नवऱ्या मुलाने मुलीला किती द्यायचे? शहाताकडची माणसं खाली बघायला लागली. हाजींनी गुडघ्यावर थाप मारली.

"मी काय पोरगी विकायला बसलोय? आम्ही माणूस विकत घेतोय, माणूस! लिहा काजीसाहेब, मेहेर एक पौंड."

आमच्याकडे प्रत्येक मुलीचा बाप हे वाक्य म्हणतो आणि मग हळूच बांगड्यांचा विषय काढतो. हाजींनी नाही काढला. सासरा आणि जावई यांनी अंगठ्याला अंगठा भिडवला, काजीने त्यावर पांढरा रुमाल टाकला, निकाहाचे शब्द म्हणून झाले. शहाताला लिहिता येत नव्हतं. त्याने कागदावर नावाचा पितळी शिक्का मारला. आतून बायकांनी जिभा हलवत आनंदाचा जो गलका केला, त्याने माझे कान किटले.

मग नवरदेवाने मला खिशातून काढलं. त्या सकाळी एका होडीचं काम अडलं होतं, म्हणून स्वारी गोदीतूनच धावत आलेली. रॉकेल, लिंबू, वाळू, सगळ्याने हात घासले होते, पण उजव्या अंगठ्यावर डांबर होतंच. आणि तफीदाला देताना हातातून निसटू नये म्हणून त्याने मला घट्ट, अगदी घट्ट धरलं. बरोब्बर राजाच्या गालावर.

तिने मला हातात घेऊन बघितलं. काळाकुळकुळीत अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ दिसत होती. मधोमध एक तिरपी पांढरी रेषा, लहानपणी लाकूड तासायचा वाकस लागून कापलं होतं तिथली.

"अगबाई," ती म्हणाली, "राजाच्या तोंडाला काळं फासलंत की!"

"राहू दे," तो म्हणाला. "तीट लावलीय. दृष्ट लागायला नको."

सगळे हसले. मी संतापाने थरथरत होते. राजा माझा, गाल माझा, आणि या बेंगरूळ माणसाने त्यावर डांबर फासून वर विनोद करावा!

मला तिळाच्या हलव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. खर्चायची नाही, हा नियम. पोटाला चिमटा काढायचे दिवस आले, तेव्हाही तो नियम मोडला नाही. भांडण झालं की मात्र मी बाहेर यायचे. तफीदा मला त्याच्या अंगावर फेकायची.

"हा घ्या तुमचा पौंड! मी चालले बाबांकडे!"

"आता भाव वाढलाय," तो दाढी खाजवत म्हणायचा. "एका पौंडात नाही सुटका व्हायची माझी."

की लगेच ती हसायची. दोघं मला जमिनीवरून उचलायलाही विसरायची आणि मी तिथेच माशांच्या खवल्यांत पडून राहायचे. संसार म्हणतात याला! मला तर उबग यायचा.

पुढे शहाता म्हातारा झाला, छातीच्या दुखण्याने गेला. त्याचे कपडे देऊन टाकले. घरातला डांबराचा वास हळूहळू उडाला. त्याचा एकुलता एक फोटो ओळखपत्रावरचा, आणि त्यात तो पकडून आणलेल्या चोरासारखा दिसायचा. तफीदा तो बघायचीच नाही. "हे काय माझं माणूस आहे?" म्हणायची.

ती मला बघायची. रोज सूर्य बुडल्यावरची नमाज झाली, चहा झाला, की डबा उघडायचा, मला मांडीवर ठेवायचं आणि राजाच्या गालावरच्या त्या काळ्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवायचा. तिचा अंगठा लहान. चारी बाजूंनी त्याचा अंगठा उरायचा. मग ती नखाने अलगद ती तिरपी रेष चाचपायची आणि दिवसभरातलं सगळं सांगायची. भाव किती चढलेत, शेजारीण कशी निर्लज्ज आहे, गुडघा कसा ठणकतो. कुणी आलं की झटकन डबा बंद. लेकीलासुद्धा ठाऊक नव्हतं.

आणि मी? मला लसणाचा वास यायचा. रोज! पुन्हा डांबराचा डाग होताच. मी मनात म्हणायचे, देवा, एकदा कुणीतरी स्वच्छ माणूस भेटू दे.

भेटला. तफीदाचा जावई रिफ्की. त्याचं औषधांचं दुकान होतं, म्हणून सगळी गल्ली त्याला डॉक्टर म्हणायची. याला जुन्या नोटांचा नाद. एका शुक्रवारी लेक-जावई तफीदाकडे जेवायला आले होते. लेक नगवा आईच्या लग्नाच्या गोष्टी काढून बसली आणि तफीदाने कौतुकाने डबाच आणून दाखवला. डॉक्टरांनी मला हात लावला नाही. चिमट्याने उचललं! दिव्यापुढे धरलं, पोटातला स्फिंक्स बघितला, भिंगातून बँकेच्या गव्हर्नरची सही वाचली. माझ्या अंगावर काटा आला, सुखाचा.

"आई, तुम्हाला कल्पना आहे का काय आहे हे?" ते भिंग खाली ठेवेनात. "या सहीची नोट माझ्याकडे नाही. माझा संग्रह हिच्यावाचून अडलाय. बघा, आधी जिवंत राजा, मग हा मुखवटा, मग पुढच्या नोटांवर मशिदी. नुसत्या चित्रांवरून देश वाचता येतो!"

"मला कुठे वाचता येतं?" तफीदा म्हणाली. "भात वाढू का?"

"आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. आठवडाभर द्या. जशीच्या तशी परत आणतो, तुमची शपथ."

ती रिकाम्या डब्याचं झाकण लावत-उघडत बसली. पण जावयापुढे काय बोलणार? त्या काळ्या अंगठ्याचं सांगायचं म्हणजे या वयात लाज. ती एवढंच म्हणाली, "जपून हो डॉक्टर. त्यांचा आहे तो."

आता या नोटा जमवणाऱ्यांचा एक धर्म असतो. नोट मळू दे, फाटू दे, धुवायची नाही. हे डॉक्टर स्वतः नवशिक्यांना दटावून सांगायचे. पण दुपारी दुकान बंद करून मला भिंगाखाली घेतलं, की त्यांची नजर त्या डागाशी अडायची. शेवटी स्वतःशीच बोलायला लागले.

"हा काही नोटेचा मळ नाही. बाहेरून लागलेलं डांबर आहे. धुणं वेगळं आणि उपचार वेगळा." जरा थांबून पुन्हा, "आईंना पण किती आनंद होईल!"

शहाणा माणूस स्वतःला फसवायला बसला, की दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. त्यांनी कापसाचा बोळा बेन्झिनमध्ये बुडवला आणि माझ्या गालावर फिरवला. डांबर सुटायला लागलं. तपकिरी, मग पिवळं. मग साबणाचं कोमट पाणी, मग टिपकागद, मग पातळ कापड घालून वरून इस्त्री. मी खूश होते हो, खोटं कशाला बोलू! वर्षानुवर्षांची थुंकी, घाम, रक्त, लसूण, सगळं एका दुपारी गेलं. राजाचा गाल जरासा फिकट झाला होता, एवढंच.

प्रदर्शन एका कॅफेच्या माडीवर होतं. तिथे मदाम एलेनी आल्या. अलेक्झांड्रियातच जन्मलेली ग्रीक म्हातारी, आयुष्यभर नोटांचा व्यापार केलेली. त्यांनी चष्मा काढला. नोट कधी डोळ्यांनी बघायच्याच नाहीत त्या. मला कानाशी धरून टिचकी मारली, मग नाकाशी नेलं. आणि सडका मासा हुंगल्यासारखं तोंड केलं.

"आवाज गेलाय," त्या म्हणाल्या. "बेन्झिन. साबण. वर इस्त्री. कुणी केलं हे पाप?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. "डाग होता, मदाम. डांबराचा."

"होता ना? मग असू द्यायचा. आता काय उरलंय हे? रुमाल!"

त्यांनी मला टेबलावर टाकलं आणि बोटं पुसली. माझी किळस येऊन बोटं पुसली! आजवर जगाला नाक मुरडणारी मी, मला वाटलं जमीन दुभंगावी. बाकीचे लोकही एकेक करून मागे सरले. डॉक्टरांनी मला गुपचूप प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं.

शुक्रवारी जेवणाआधी त्यांनी मला तफीदाच्या हातात दिलं. त्यांचा चेहरा पडलेला होता, तरी हसले. "बघा आई, कशी नवीकोरी!"

तिने पाकिटातून मला काढलं. अंगठा राजाच्या गालावर आला, थांबला. उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीशी नेलं.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"आई, तोच आहे. हा नंबर बघा."

"नंबर मला कळत नाही, डॉक्टर. माझा पौंड मला कळतो. तुमच्या त्या वह्यांत इतक्या नोटा, अदलाबदल झाली असेल. होतं माणसाकडून. शोधा सावकाश."

नगवा नवऱ्याकडे बघायला लागली. डॉक्टर रिकामं पाकीट खिशात घालत होते, पण "मी धुतला" हे दोन शब्द काही त्यांच्या तोंडातून निघेनात. आणि मी ओरडत होते, मीच आहे गं, मीच! पण नोटेचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

त्यानंतर दर शुक्रवारी तेच. मासळी-भात ताटात पडायच्या आधी तफीदा विचारायची, "सापडला का हो माझा पौंड?" पहिल्यांदा गोड आवाजात. मग नुसतंच. पुढे तर ती जावयाकडे बघायचीही नाही, भिंतीला विचारावं तसं विचारायची. एकदा नगवाला म्हणाली, "महागाचा असेल तर ठेवून घेऊ दे त्याला. पण मला महिन्यातून एकदा दाखव म्हणावं. लांबून दाखव." घरातल्या घरात चोर ठरले डॉक्टर. नगवा त्यांच्याशी धड बोलेना.

मी त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होते. मंडळात मला कुणी विचारत नव्हतं, घरात कुणी ओळखत नव्हतं. स्वच्छ होते, अगदी स्वच्छ. त्या साबणाच्या वासाने मलाच ओकारी यायची.

आणि मग या माणसाने काय केलं असेल? खोटी नोट शंभर पावलांवरून ओळखणारा हा माणूस मला खिशात घालून गोदीवर गेला, उकळत्या डांबराच्या पिंपाशी उभा राहिला, काठावर निवत आलेल्या डांबरात आपला अंगठा बुडवला आणि माझ्या गालावर दाबला! गुबगुबीत, मऊ, गोळ्या मोजणारा अंगठा. शहाताच्या डांबराचीही मला घाण वाटायची. पण ही घाण निराळीच होती. ती अंगाला नाही, आत लागली.

"सापडला, आई," शुक्रवारी ते म्हणाले. हसू त्यांच्या चेहऱ्यावर बसत नव्हतं.

तफीदाचे डोळे भरले. तिने तो काळा ठसा बघितला आणि लेक, जावई, कुणाचीही लाज न धरता अंगठा त्यावर टेकवला. डोळे मिटले. नख फिरलं, थांबलं, रेष शोधत पुन्हा फिरलं. मग तिने डोळे उघडले.

"डॉक्टर, तुमचा हात बघू."

"कशाला, आई?"

"बघू."

हात घासून घासून लाल केला होता त्यांनी, पण नखाच्या कडेला काळं राहिलंच होतं. तिने तो अंगठा नाकाशी नेला. चाळीस वर्षं ज्या वासाशेजारी ती निजली, तो तिला का कळणार नव्हता?

"तुमच्याकडे माझा पौंड असता," ती सावकाश म्हणाली, "तर हे सोंग कशाला केलं असतंत? म्हणजे त्या दिवशी दिलात तो माझाच. हाच होता."

डॉक्टर खाली बसले. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. डाग होता, आई..."

"धुतलास." जावयाला तिने पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "धुतलास तू त्यांना."

नगवाच्या हातातला डाव तसाच राहिला. तफीदा रडली नाही, ओरडली नाही. किडकं फळ उघडल्यावर बघतात तसं तिने जावयाकडे बघितलं.

"इतके शुक्रवार मी तुला चोर समजत होते. अरे, चोर असतास तर बरं होतं रे. चोराकडे वस्तू असते तरी."

त्या दिवशी कुणी जेवलं नाही. मांजराने ताटातला मासा नेला, तरी कुणी हुसकलं नाही.

आता मी परत हलव्याच्या डब्यात आहे. तफीदाने मला टाकलं नाही, पण ती मला उपडी ठेवते. राजा खाली, पाठीवरचे पडके खांब वर. तो परका अंगठा तिला बघवत नाही, आणि माझ्या गालाला तो चिकटलेला आहे, सुटत नाही. कुणी पुसायला बसलं तर मी नको म्हणेन. धुण्यावरचा माझा विश्वास उडालाय.

जाता जाता तुम्हाला हात जोडून सांगते. कुणाच्या घरी एखादी मळकी वस्तू डब्यात जपलेली दिसली, तर विचारल्याशिवाय फडकं हातात घेऊ नका. उपकार करायला तर मुळीच नको.

संध्याकाळ झाली. नमाज झाली, चहा झाला. डबा उघडलाय. बरेच दिवस ती नुसतीच बघून झाकण लावत होती. आज तिचा अंगठा खाली आला आणि त्या पडक्या खांबांशेजारी, कोऱ्या जागेवर टेकला. नुसता टेकवून ठेवला. मग उचलला, बघितलं, तेलाचा ओशट ठसा उमटला होता. लसणाचा वास. ती पुसायला झग्याचं टोक शोधतेय.

नको गं तफीदा. राहू दे.